आकाशाचं सामान्यज्ञान: आपली परीक्षा आपणच कशी घ्यायची

'सूर्यमालेतला सर्वांत मोठा ग्रह कोणता?' असं विचारल्यावर 'गुरू' हे उत्तर चौथीतलं मूलही देतं. त्याला, किंवा त्याच्या आईबाबांनाही, पुढचा प्रश्न विचारून पाहा: 'आज रात्री गुरू दिसेल का? कुठल्या दिशेला?' बहुतेक घरांत इथे शांतता पसरते. पहिला प्रश्न पुस्तकाची परीक्षा घेतो, दुसरा आकाशाची. आपण शाळेपासून स्पर्धा परीक्षांपर्यंत पहिल्या जातीचेच प्रश्न सोडवत आलो आहोत.

पाठ केलेल्या माहितीची आणखी एक अडचण आहे, ती शिळी होते. २४ ऑगस्ट २००६ रोजी प्लूटो ग्रहांच्या यादीतून बाहेर गेला आणि नऊ ग्रहांची सगळी पाठांतरं चुकीची ठरली. शनीचे चंद्र किती, या प्रश्नाचं उत्तर मार्च २०२५मध्ये एकदम १२८ने वाढलं आणि २७४ झालं. ज्यांनी जुना आकडा पाठ केला होता त्यांचं खगोलशास्त्र त्या दिवशी कच्चं झालं का? मुळीच नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की नवख्या माणसाने आपलं ज्ञान तपासताना असे प्रश्न घ्यावेत, ज्यांचं उत्तर गच्चीवर जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी पडताळता येतं. त्यासाठी दुर्बीण लागत नाही.

पहिली पायरी: तयारी आणि एक कडक नियम

साहित्य थोडं आहे. एक वही, तिथी आणि सूर्योदय-चंद्रोदयाच्या वेळा छापलेली भिंतीवरची दिनदर्शिका, आणि दिशा माहीत असलेली मोकळी जागा. मोबाइलवर स्टेलॅरियमसारखं आकाशाचा नकाशा दाखवणारं ॲप असलं तर उत्तमच, पण ते उत्तर लिहून झाल्यावर उघडायचं. कोन मोजायला आपला हात पुरतो. हात पूर्ण लांब करून मूठ वळली, की मुठीची रुंदी साधारण १० अंश भरते आणि करंगळीची रुंदी साधारण एक अंश.

नियम असा, की पडताळणीच्या आधी उत्तर कागदावर उतरलंच पाहिजे. प्रत्येक उत्तरापुढे दोन गोष्टी लिहा. एक, 'कशावरून?' म्हणजे हे उत्तर का वाटतं, त्याचं कारण एका वाक्यात. दोन, खात्री: 'पक्कं', 'वाटतं' किंवा 'अंदाज'. ही खात्रीची नोंद गाळू नका. तिचा उपयोग शेवटी कळेल.

दुसरी पायरी: चंद्रापासून सुरुवात

सुरुवात चंद्रापासूनच करा. तो गावात, शहरात, दिव्यांच्या झगमगाटातही दिसतो, आणि आपल्या घरात त्याचं वेळापत्रक आधीच टांगलेलं असतं.

पहिला प्रश्न: चंद्राच्या कला कशामुळे होतात? 'पृथ्वीची सावली पडते म्हणून' असं तुमच्या वहीत उतरलं असेल, तर तुम्ही फार मोठ्या समूहात आहात. आता पडताळा. शुक्ल अष्टमीच्या संध्याकाळी सूर्य पश्चिमेला मावळत असतो आणि अर्धा चंद्र जवळपास माथ्यावर असतो. पृथ्वीची सावली सूर्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे त्या वेळी पूर्वेकडे पडणार. ती माथ्यावरच्या चंद्रापर्यंत पोहोचेलच कशी? चंद्राचा अर्धा भाग कायम उजळलेलाच असतो. त्या उजळ भागाचा किती हिस्सा आपल्या बाजूला वळलेला आहे, एवढाच फरक रोज पडतो. हे हातानेही करून पाहता येतं. दिवसा चंद्र दिसत असेल तेव्हा उन्हात उभं राहून एक पांढरा चेंडू चंद्राच्या दिशेने धरा. चेंडूवर ऊन-सावलीचा जो आकार दिसतो, तोच चंद्राचाही दिसतो. लहान मुलांना ही गोष्ट एकदा दाखवली की पुन्हा समजवावी लागत नाही.

'दिवसा चंद्र?' असं मनात आलं असेल तर हाच दुसरा प्रश्न समजा. कृष्ण अष्टमीच्या सकाळी आठ-नऊ वाजता चंद्र कुठे असेल? उत्तर लिहा आणि पश्चिमेकडे पाहा.

तिसरा प्रश्न संकष्टीचा. संकष्टी चतुर्थीला चंद्रोदय नेहमी रात्रीच का होतो, साधारण आठ ते साडेदहाच्या दरम्यानच का? वर्षानुवर्षं ज्या घरात उपास सोडायला चंद्राची वाट पाहिली जाते, तिथेही याचं कारण क्वचितच कुणी विचारलेलं असतं. पौर्णिमेला चंद्र सूर्याच्या बरोबर समोर असतो, म्हणून सूर्य मावळताना तो उगवतो. पुढे रोज तो सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. पौर्णिमेनंतर तीन-चार दिवसांनी हा उशीर अडीच-तीन तासांच्या आसपास जातो. हिशोब जमला, की दिनदर्शिका न पाहता पुढच्या संकष्टीची वेळ काढा आणि मग छापील वेळेशी ताडून पाहा. अर्ध्या तासाच्या आत आलात तर पूर्ण गुण द्या. ५० मिनिटं ही सरासरी आहे, ऋतूप्रमाणे ती कमीजास्त होते.

याच धाग्यातला चौथा: गणेश चतुर्थीला चंद्र पाहू नये असं म्हणतात. त्या दिवशी रात्री बारा वाजता घरी परतणाऱ्याला चंद्र दिसण्याची भीती आहे का? शुक्ल चतुर्थीचा चंद्र सूर्याच्या मागोमाग मावळतो, भाद्रपदात साधारण रात्री नऊच्या सुमारास. बाराला तो आकाशात नसतोच. याउलट कोजागरीला मध्यरात्री दुधात चंद्र पाहायचा असतो, कारण पौर्णिमेचा चंद्र मध्यरात्रीच सर्वांत उंचावर येतो.

पाचवा प्रश्न चित्राचा आहे. द्वितीयेची कोर आणि खाली पश्चिमेचं क्षितिज असं चित्र काढा. कोरीची टोकं कुठल्या बाजूला? ती नेहमी सूर्याच्या उलट दिशेला असतात. सूर्य नुकताच क्षितिजाखाली गेलेला आहे, म्हणजे टोकं खाली क्षितिजाकडे वळलेली दाखवली असतील तर चित्र चुकलं. दोन टोकांच्या मधल्या काळ्या जागेत चांदणी काढली असेल तरीही चुकलं. तिथे चंद्राचाच न उजळलेला भाग असतो, त्याच्या आरपार तारा दिसणार नाही.

सहावा जरा वरच्या इयत्तेचा. चंद्रयान-३ चं विक्रम लँडर २३ ऑगस्ट २०२३ रोजी उतरलं, तेव्हा शुक्ल सप्तमी होती. त्याचं काम सुमारे १४ दिवसांचंच का ठरवलं होतं? चंद्रावर एका ठिकाणी सूर्य उगवला की पृथ्वीवरचे जवळपास १४ दिवस मावळत नाही आणि नंतर तेवढीच लांब, अतिथंड रात्र येते. लँडर आणि रोव्हर दोन्ही सौरऊर्जेवर चालत होते, म्हणून उतरण्याचा मुहूर्त तिथल्या सकाळी साधला. हे कळलं, की 'चंद्राची पलीकडची बाजू कायम अंधारात असते' हा समजही आपोआप गळून पडतो. अमावास्येला तर पलीकडची बाजू पूर्ण उन्हात असते.

ग्रहणाचा प्रश्न एकच पुरे: दर अमावास्येला सूर्यग्रहण का होत नाही? चंद्राची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे ५ अंश कललेली आहे, त्यामुळे बहुतेक महिन्यांत तो सूर्याच्या थोडा वरून किंवा खालून निघून जातो. इथे एक सूचना अगदी कळकळीने. सूर्याशी संबंधित कुठलीही पडताळणी थेट सूर्याकडे पाहून करायची नाही. काळी काच, एक्स-रे फिल्म, गॉगल यांतलं काहीही चालत नाही. प्रमाणित सौरचष्मा वापरा, नाहीतर सावलीवरून काम करा.

तिसरी पायरी: सूर्य आणि एक काठी

१९८७ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या पदवीदान समारंभात विद्यार्थी, माजी विद्यार्थी आणि प्राध्यापक अशा २३ जणांना दोन साध्या प्रश्नांपैकी एकेक विचारला होता: ऋतू का होतात, चंद्राच्या कला का होतात. २१ जणांची उत्तरं चुकली. उन्हाळ्यात पृथ्वी सूर्याजवळ येते, हे त्यांतलं लाडकं उत्तर. तुमचंही तेच असेल तर हा आकडा पाहा: पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ येते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरवर. म्हणजे आपल्याकडे हुरडा पार्ट्या चालू असतात तेव्हा! जुलैच्या सुरुवातीला ती सर्वांत दूर, सुमारे १५.२ कोटी किलोमीटरवर असते. ऋतू होतात ते पृथ्वीच्या २३.४ अंश कललेल्या आसामुळे.

आता काठी घ्या. 'रोज दुपारी बारा वाजता सूर्य बरोबर डोक्यावर असतो', हे चूक की बरोबर? यात दोन चुका लपल्या आहेत. महाराष्ट्रात सूर्य वर्षातून फक्त दोनच दिवस बरोबर डोक्यावर येतो. मुंबई-पुण्याला मेच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या शेवटी, नागपूरला मेच्या शेवटच्या आठवड्यात, गोव्याला मेच्या अगदी सुरुवातीला. त्या दिवशी उभ्या काठीची सावली तिच्याच पायाशी नाहीशी होते. हाच शून्य सावलीचा दिवस. दुसरी चूक घड्याळाची. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची आहे आणि पुणे ७४ अंशांच्या जवळ, म्हणून पुण्याला माध्यान्ह मे महिन्यात साडेबाराच्या सुमारास होते. जुलैमधला दिवस ढगांत जातो, त्यामुळे मेमधला चुकवू नका.

जोडप्रश्न: दिल्लीत शून्य सावलीचा दिवस कधी येतो? कधीच नाही. दिल्ली २८ अंशांच्याही उत्तरेला आहे आणि सूर्य २३.४ अंशांच्या पलीकडे सरकत नाही.

सूर्य रोज पूर्वेला उगवतो का, हाही लिहून ठेवा आणि घराच्या खिडकीतून वर्षभर तपासा. बरोबर पूर्वेला तो मार्च आणि सप्टेंबरच्या विषुवदिनांच्या सुमारासच उगवतो. जूनमध्ये मुंबईहून तो ईशान्येकडे सुमारे २५ अंश, म्हणजे अडीच मुठी सरकलेला असतो आणि डिसेंबरमध्ये तेवढाच आग्नेयेकडे. समोरची एखादी इमारत किंवा डोंगराची खूण धरून ठेवली की एका महिन्यातही फरक जाणवतो.

चौथी पायरी: नक्षत्रं, पंचांगातली आणि आकाशातली

माझ्या मते मराठी माणसासाठी सर्वांत सुंदर चाचणी-प्रश्न हा आहे: जून महिन्यात मृग नक्षत्र लागतं, तेव्हा रात्री मृग नक्षत्र दिसेल का?

शेतकरी कुटुंबात ७-८ जूनची वाट पाहिली जाते, मृगाचा पाऊस, मृगाचा किडा, सगळं तोंडपाठ असतं. पण 'मृग लागलं' म्हणजे सूर्य मृग नक्षत्रात आला. तो जिथे आहे तिथले तारे दिवसा वर असतात, सूर्याच्या उजेडात बुडालेले. म्हणून जूनमध्ये मृग दिसत नाही. तो पाहायचा तर डिसेंबर-जानेवारीच्या रात्री नऊ-दहाला. चार ताऱ्यांचा मोठा चौकोन, त्याच्या मधोमध ओळीतले तीन तारे, म्हणजे मृगाला लागलेला बाण. ती ओळ एका बाजूला वाढवली की व्याध लागतो, रात्रीच्या आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा. दुसऱ्या बाजूला वाढवली की तांबूस रोहिणी आणि पुढे कृत्तिकांचा पुंजका. पुस्तक बंद करून ही वाट डोळ्यांनी चालता आली, की नक्षत्रांच्या परीक्षेत तुम्ही उत्तीर्ण. या तीन ताऱ्यांची आणखी एक गंमत: ते जवळजवळ बरोबर पूर्वेला उगवतात आणि बरोबर पश्चिमेला मावळतात, त्यामुळे नव्या ठिकाणी दिशा तपासायला उपयोगी पडतात.

पुढचा प्रश्न महिन्यांच्या नावांचा. कार्तिकाला कार्तिक का म्हणतात? त्या महिन्याच्या पौर्णिमेचा चंद्र कृत्तिकांच्या आसपास असतो. मार्गशीर्षात मृगशीर्षाजवळ, पौषात पुष्याजवळ, माघात मघेजवळ, चैत्रात चित्रेजवळ. चैत्र पौर्णिमेला चंद्राजवळचा ठळक पांढरा तारा शोधा आणि तो चित्राच आहे का, हे नकाशावर पाहा. चंद्र एखाद्या वर्षी शेजारच्या नक्षत्रात सापडेल, तेही ठीक.

'ध्रुव हा सर्वांत तेजस्वी तारा आहे.' चूक की बरोबर? चूक, आणि ही चूक 'पक्कं' असं लिहून केलेली फार दिसते. तेजस्वितेत ध्रुवाचा क्रम पन्नासाच्या आसपास येतो. त्याचं मोल वेगळं आहे: तो जागचा जवळजवळ हलत नाही, आणि क्षितिजापासून त्याची उंची म्हणजेच आपला अक्षांश. मुंबईत उत्तरेच्या क्षितिजावर दोन मुठी रचा, ध्रुव तिथेच असेल. विदर्भात किंचित वर, गोव्यात दीड मुठीवर. उत्तरेला मोकळं क्षितिज मिळणं शहरात अवघड असतं, म्हणून हा प्रश्न गावी गेल्यावर सोडवा.

एक गणित: आज कृत्तिका रात्री आठला उगवल्या, तर महिन्याने किती वाजता उगवतील? तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात, महिन्याला दोन तास. उत्तर सहा.

आणि सगळं जमलं असं वाटत असेल त्यांच्यासाठी एक कठीण. मकरसंक्रांत १४-१५ जानेवारीला येते, पण सूर्याचं उत्तरेकडे सरकणं २२ डिसेंबरच्या सुमारासच सुरू झालेलं असतं. मधले साधारण २४ दिवस कुठून आले? पृथ्वीचा आस अवकाशात फार संथ फिरतो, एका फेरीला सुमारे २५,८०० वर्षं लागतात. त्यामुळे ताऱ्यांवर बेतलेली संक्रांत ऋतूंच्या मानाने दर ७२ वर्षांनी सुमारे एक दिवस मागे पडते. २४ला ७२ने गुणा. साधारण १७०० वर्षांपूर्वी संक्रांत आणि उत्तरायण एकाच वेळी येत होतं.

पाचवी पायरी: ग्रह, आणि एक चेंडू

ग्रहांचे प्रश्न थोडेच घ्या. मध्यरात्री माथ्यावर लखलखणारी चांदणी शुक्र असू शकेल का? नाही. शुक्राची कक्षा पृथ्वीच्या आत आहे, तो सूर्यापासून ४७ अंशांपेक्षा दूर जाऊच शकत नाही. म्हणून तो संध्याकाळी पश्चिमेला किंवा पहाटे पूर्वेला. माथ्यावर तेजस्वी, न लुकलुकणारं काही असेल तर बहुधा गुरू. साध्या बायनॉक्युलरने, हात स्थिर ठेवून पाहिलं तर त्याच्या बाजूला ओळीत दोन-चार ठिपके दिसतात. गॅलिलिओने जानेवारी १६१०मध्ये पाहिलेले चंद्र तेच.

अंतरांसाठी आकडे पाठ करू नका. पृथ्वी म्हणून क्रिकेटचा चेंडू ठेवा, चंद्र म्हणून दोन सेंटिमीटरची गोटी. गोटी चेंडूपासून किती लांब ठेवाल? घरातल्या प्रत्येकाला ठेवायला सांगा, तोपर्यंत बाकीच्यांनी बोलायचं नाही. बहुतेक जण वीतभर अंतरावर ठेवतात, कारण पुस्तकातल्या आकृतीत तसंच असतं. खरं अंतर पृथ्वीच्या व्यासाच्या तीसपट, म्हणजे इथे दोन मीटरच्या थोडं पुढे. याच मापाने सूर्य साडेसात-आठ मीटर व्यासाचा आणि सव्वाआठशे मीटर दूर. सर्वांत जवळचा तारा? सव्वादोन लाख किलोमीटरवर. त्या ताऱ्याचा प्रकाश आपल्याकडे यायला ४.२४ वर्षं लागतात, सूर्याचा ८ मिनिटं २० सेकंद.

सहावी पायरी: वही तपासणं

गुणांची बेरीज करण्याआधी खात्रीचा रकाना पाहा. 'अंदाज' लिहून चुकलेली उत्तरं फारशी महत्त्वाची नाहीत, ती माहिती मिळाली की भरून निघतात. 'अंदाज' लिहून बरोबर आलेल्यांनाही गुण देऊ नका. खरं काम आहे 'पक्कं' लिहून चुकलेल्या उत्तरांत. तिथे मनात एक चुकीचं चित्र घट्ट बसलेलं असतं आणि नुसतं बरोबर उत्तर वाचून ते हलत नाही. असे प्रश्न वेगळ्या पानावर घ्या, 'कशावरून?' मध्ये काय लिहिलं होतं ते पुन्हा वाचा, आणि ते कारण नेमकं कुठे अडतं हे आकाशात किंवा चेंडूवर करून पाहा. महिन्याने फक्त तेवढेच प्रश्न, शब्द बदलून, पुन्हा सोडवा.

शिक्षक किंवा पालक दुसऱ्यांसाठी प्रश्नपत्रिका काढणार असतील तर पर्याय विचारपूर्वक ठेवा. 'चंद्राच्या कला कशामुळे?' याला 'वाऱ्यामुळे' हा पर्याय देऊन काही कळत नाही. 'पृथ्वीच्या सावलीमुळे' आणि 'ढगांमुळे' हे पर्याय मुलं खरोखर निवडतात, आणि कोणता निवडला यावरून पुढे काय शिकवायचं ते ठरतं. आधी मुलांना मोकळी उत्तरं लिहायला सांगा आणि त्यांच्याच चुकांमधून पर्याय घ्या.

पुढे जायचं असेल तर एकट्याने राहू नका. पुण्यात १९४४पासून चालू असलेली ज्योतिर्विद्या परिसंस्था, मुंबईत खगोल मंडळ, अशा हौशी मंडळींच्या संस्था आकाशदर्शन घेतात. मुंबईचं नेहरू तारांगण १९७७पासून आहे. नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे, आणि फेब्रुवारीच्या शेवटी विज्ञान दिनाच्या निमित्ताने ती लोकांना पाहता येते. शाळकरी मुलांना गणिताची आवड असेल तर मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राकडून होणाऱ्या खगोलशास्त्र ऑलिंपियाडचे जुने प्रश्न पाहायला द्या. याच विषयाचं आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड ऑगस्ट २०२५मध्ये मुंबईत झालं. ते प्रश्न अवघड आहेत, पण चंद्र आणि काठीच्या प्रश्नांवर हात बसलेल्या मुलाला त्यांतले सुरुवातीचे नक्की जमतात.